डबा ड्रायव्हरजवळ

पुणे,
९ जून २०२५

प्रिय भगवानमामा,

साष्टांग नमस्कार. मामीशी मी रोज फोनवर बोलते, पण फोन तुमच्या हातात गेला की तुम्ही नुसते "हाव, हाव" म्हणता. परवा मी विचारलं जेवलात का, तर म्हणालात, "हाव, देवानंदच्या पोराले लागली नोकरी." म्हणून हा कागद. जन्मभर एसटीच्या इंजिनाशेजारी बसून कान तुम्ही घालवलेत आणि लिहिण्याची शिक्षा मला.

माझं स्टेशन कसं आहे, असं मागच्या पत्रात विचारलंत. डोळ्यांसमोर आपल्या धाड गावचा स्टँड आणा आणि त्यातलं सगळं काढून टाका. रसवंती नाही, झोपलेलं कुत्रं नाही, "बुलडाणा, बुलडाणा" ओरडणारा जीपवाला नाही. उरली फरशी. ती फरशी रस्त्याच्या वर, खांबांवर उचलून ठेवा, म्हणजे झालं मेट्रोचं स्टेशन. गाडी येते, दारं आपोआप उघडतात, आपोआप मिटतात. कोणाची वाट बघत नाही. मी तिथली स्टेशन कंट्रोलर, म्हणजे तुमच्या स्टँडवरचा कंट्रोलरच, पण माझ्यासमोर खिडकीऐवजी कॅमेऱ्यांचे पडदे. नोकरी अजून कच्ची आहे. काम बघून डिसेंबरात कायम करतील.

आणि हो, आमच्या गाडीत कंडक्टर नसतो. पुढे ड्रायव्हर असतो, तोही बंद खोलीत.

बुलडाण्याच्या कॉलेजात होते तेव्हाची आठवण येते. आईबाबा तिकडे बीबी गावाला, होस्टेलचं जेवण तोंडात घालवत नव्हतं, आणि तुमच्या पहिल्या गाडीनं मामीचा डबा यायचा. तुमच्या शेजारी बॉनेटवर ठेवलेला, म्हणून गरम. डबा घेतला की मी गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारायची. कंडक्टरच्या आधी माझीच डबल बेल, आणि तुम्ही गाडी काढायचात. आता डबा नाही आणि बेलही नाही. मेसची भाजी कसली आहे हे खाल्ल्यावरही कळत नाही.

तुमची,
ओवी


धाड,
२१ जून २०२५

चि. ओवी,

तुला उदंड आशीर्वाद. शाळेत शिकवलं तसं लिहितो. मधेच घरची भाषा आली तर गोड मानून घे.

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. तिनं मेसवाल्याला दोन शिव्या दिल्या, त्या इथं लिहीत नाही. पण कंडक्टर नाही हे मला काही पटलं नाही. देवानंदला विचारलं. तो माझ्याच हाताखाली गाडी शिकला, आता बुलडाणा-पुणे गाडीवर आहे. तो म्हणाला, "भाऊ, कंडक्टरबिगर गाडी चालते का कुठं? असंल तो मागच्या डब्यात. पोरीले दिसला नसंल."

मलाही तेच वाटतं. कंडक्टर नाही तर बेल कोण मारतं? कोणाचं पोतं राहिलं, कोणाचा डबा द्यायचा आहे, हे कोण बघतं? माझ्या बॉनेटवर सकाळी केवढे डबे असायचे, तुला ठाऊक आहे. एकाचा दुसऱ्याला गेला नाही कधी. सामान ड्रायव्हरजवळ आणि माणूस मागं, अशीच गाडी चालते. एवढी मोठी गाडी करणाऱ्यांना एवढंही कळलं नसेल होय?

मामी म्हणते कानाला मशीन लावा. मी म्हटलं, काय करायचं आहे लावून? लोकं जे बोलतात ते ऐकू न आलेलंच बरं.

तुझं स्टेशन एकदा डोळ्यांनी बघायचं आहे. तू तिथं उभी राहून गाड्या सोडते हे मी स्टँडवर साऱ्यांना सांगितलं, आता लोकं विचारतात, तुम्ही पाहिलं का? पोळा झाला की यावं म्हणतो. कळव.

तुझा मामा,
भगवानराव


पुणे,
६ जुलै २०२५

प्रिय मामा,

रागावू नका, पण आत्ता येऊ नका.

आमच्या वर सारिका मॅडम म्हणून अधिकारी आहेत. कोणाला कायम करायचं हे त्यांच्या शेऱ्यावर ठरतं, आणि बाई शेरा देताना हात फार आखडता घेतात. गेल्या आठवड्यात प्लॅटफॉर्मवर गर्दी झाली होती आणि मी घाईत माइकवर म्हणून गेले, "मागं सरका हो, गाडी येऊन राह्यली!" सगळा प्लॅटफॉर्म हसला. एका काकूंनी तर मला विचारलं, "कुठल्या गं तू?" मॅडम हसल्या नाहीत. नुसतं बघितलं, आणि ते जास्त वाईट.

तेव्हापासून मी फार जपून बोलते. इथं नात्यागोत्याचं माणूस ड्युटीवर भेटायला आलेलं चालत नाही. डिसेंबरात कायम झाले की मीच तुम्हाला न्यायला येईन. तोवर जरा धीर धरा. मामीला सांगा, मेसवाल्यानं भाजी बदलली आहे. आताची कसली आहे तेही कळलेलं नाही.

ओवी


धाड,
१९ जुलै २०२५

चि. ओवी,

आशीर्वाद. पत्र मिळालं. तू म्हणते ते बरोबर आहे. तुझं काम आधी. आम्ही काय, इथं बरे आहोत.

पोळ्याचं काही धाडता आलं तर देवानंदसंगे धाडतो. पाऊस बरा आहे. सोयाबीन गुडघ्याला लागलं.

मामा


पुणे,
२५ ऑगस्ट २०२५

प्रिय मामा,

आधी देवानंदमामांना विचारा, शनिवारी सकाळी त्यांनी डबा कुठे ठेवला होता, आणि मग पुढचं वाचा.

शनिवारी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या गर्दीची गाडी स्टेशनात शिरतानाच आतून कोणीतरी धोक्याचं बटण दाबलं. पहिल्या डब्यात, ड्रायव्हरच्या खोलीच्या दाराशी, कापडात बांधलेली बेवारस वस्तू. आमच्याकडे याचा नियम पक्का आहे. गाडी रोखायची, रिकामी करायची, प्लॅटफॉर्म रिकामा करायचा, पोलिसांना कळवायचं, आणि वस्तूला कोणीही हात लावायचा नाही. मी भोंगा घेऊन सगळ्यांना खाली उतरवलं. मागच्या गाड्याही जागच्या जागी थांबल्या. मग दारातून आत डोकावले.

मामा, हिरव्या साडीचा तुकडा, पिवळी बुट्टी. मामीची ती साडी मी दहावीला असताना घेतलेली. आणि वर ती मामीची गाठ, जी सोडवायला दात लागतात.

पुढे होऊन "माझाच आहे" म्हणत उचलला असता तर गाडी तेव्हाच सुटली असती. पण बाहेरचं कापड ओळखलं म्हणून आत काय आहे ते कळत नाही, आणि नियम तर मोडलाच असता. मी हात लावला नाही. पोलीस आले, कुत्रं आलं. कुत्र्यानं वास घेतला आणि एकामागून एक शिंका दिल्या. ठेचा होता ना. मग त्यांनी गाठ कापली. पुरणपोळ्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. झाकणावर कोरलेलं नाव शिपायानं मोठ्यानं वाचलं, "शालूबाई भगवानराव, धाड." सगळे हसले. मी हसले नाही, पण बोललेही नाही.

आता गणपती उरकले की चौकशी आहे. गाड्या कोणामुळे थांबल्या हे शोधणार. इथं शालूबाई कोण ते कोणालाच ठाऊक नाही. कंट्रोलरच्याच घरच्या डब्यानं लाइन बंद पाडली असं कळलं, तर माझं कायम होणं विसरायचं. काय करू ते कळत नाही. तुम्हाला बोल लावत नाही, पण जीव टांगणीला लागलाय.

ओवी


धाड,
३१ ऑगस्ट २०२५

चि. ओवी,

तू घाबरू नको. देवानंदला विचारलं, त्याचीच चूक. मी त्याला सांगितलं होतं की डबा ड्रायव्हरजवळ दे, म्हणजे तो तुझ्या स्टेशनात उतरवेल. त्यानं तसं केलं. आपल्याकडची रीत तीच, त्याला तरी काय माहीत तिकडं ड्रायव्हरला दार उघडायची बंदी आहे. मी त्याला चांगला झापला.

आता माझं ऐक. चौकशीत आमचं नाव काढू नको. शालूबाई कोण विचारलं तर माहीत नाही म्हण. धाड कुठं आलं विचारलं तर तेही माहीत नाही म्हण. मामीला मी समजावून सांगितलं, तिला वाईट वाटलं नाही. डब्याचं काय, नवा घेता येतो. तुझी नोकरी पुन्हा येणार नाही.

तू काम मोठं चांगलं केलं. एवढा लोंढा जिन्यावर आणि तू त्या गुडघे धरलेल्या आजीला कमरेला हात देऊन शेवटच्या पायरीपर्यंत नेलं. अंगावर शहारा आला. कोणाचीही नजर लागू नये.

मामा


पुणे,
११ सप्टेंबर २०२५

प्रिय मामा,

त्या आजींबद्दल मी तुम्हाला लिहिलंच नव्हतं.

तुमचं पत्र मी चौकशीच्या आधी कितीदा वाचलं असेल, आणि दर वेळी त्या ओळीशी अडले. मग चौकशीत मॅडमनी कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. एसटी स्टँडजवळच्या स्टेशनातून एक माणूस पहिल्या डब्यात चढतो. पांढरी टोपी, खांद्यावर ती माझी जुनी कॉलेजची बॅग. ड्रायव्हरच्या बंद दारापाशी जातो, डबा खाली ठेवतो, गाडीच्या हिसक्यानं कलंडू नये म्हणून पायानं कोपऱ्याशी सरकवतो, दाराला हात जोडतो आणि मागे जाऊन बसतो. अगदी समाधानानं. सामान ड्रायव्हरजवळ आणि माणूस मागं.

तुमच्या शेजारचे सगळे घोषणा ऐकून उठले, तुम्ही मात्र बसूनच. मग गार्डनं दंडाला धरून तुम्हाला बाहेर काढलं. जिन्याच्या वळणावर तुम्ही कठड्याला धरून उभे राहिलात. तिथून मी दिसते. तुम्ही माझ्याकडे बघत होतात, आणि मी भोंगा तोंडाला लावून तुमच्यासकट सगळ्यांना हाकलत होते. मग शिपाई डब्याकडे बोट दाखवतो, तुमचा हात टोपीकडे जातो, आणि तुम्ही खाली उतरून जाता. मामा, तुम्ही रात्रभर एसटीत बसून आलात आणि मला न भेटता परत गेलात.

मॅडमनी चित्र थांबवून विचारलं, "या माणसाला कोणी ओळखतं का?"

कोणी ओळखत नव्हतं. बोलले नसते तर ते तिथंच संपलं असतं. मी उठले आणि म्हणाले, "हे माझे मामा, भगवानराव. एसटीचे ड्रायव्हर होते. शालूबाई माझी मामी. आमच्याकडे डबा ड्रायव्हरजवळ ठेवतात, त्यांनी विश्वासानं ठेवला. त्यांना ऐकू येत नाही, नाहीतर ते कोणाच्या आधी उतरले असते." आवाज मोठा होता माझा. शेवटी तर बोलीसुद्धा घरचीच आली, "माह्या मामाच हायेत ते," असंच म्हणाले.

मॅडमनी चित्रण बंद केलं. मग म्हणाल्या, "डबा ओळखला होता आणि तरी हात लावला नाही?" मी हो म्हणाले. त्या म्हणाल्या, "पण त्याच दिवशी सांगायला हवं होतं." त्यावरही हो म्हणाले. माझं कायम होणं पुढे ढकललंय. डिसेंबरात नाही, पुढच्या उन्हाळ्यात बघू म्हणाल्या. होईल का नाही, माहीत नाही.

एकच सांगा. जिन्यापाशी थांबून हाक का मारली नाही?

ओवी


धाड,
१९ सप्टेंबर २०२५

चि. ओवी,

देवानंद बिचारा. त्यानं काही केलेलं नाही. मी त्याच्याच गाडीनं आलो होतो आणि त्याला शपथ घातली होती.

हाक का मारली नाही विचारते. तू लिहिलं होतं, आत्ता येऊ नका. माइकवर आपली बोली निघाली तर लोकं हसली, तेही लिहिलं होतं. मी म्हटलं, एका वाक्याला हसली, तर हा अख्खा मामा बघून काय करतील? बहिरा माणूस, बोलतो तो ओरडूनच बोलतो. तुला लाज वाटंल. मामीला म्हटलं, नुसतं दुरून बघून येतो. डबा ड्रायव्हर तुझ्या स्टेशनात उतरवून देईल, तुला घरचं मिळेल, आणि कोणी आणला ते तुला कळणारही नाही. मी पुढच्या स्टेशनाला उतरून माघारी फिरणार होतो.

मग गडबड झाली. मला वाटलं, गाडी बिघडली. तुझ्याकडंच बघत होतो. तो शिपाई बोट दाखवायला लागला तेव्हा आपला डबा दिसला. म्हटलं, आता वर गेलो तर पोरीची नोकरी आपल्या हातानं घालवली. म्हणून निघालो. स्टँडवर दिवसभर बसून राहिलो, संध्याकाळी देवानंदची गाडी होती.

आणि तू भर चौकशीत उठून माझं नाव सांगितलं. मामी रडली. मी पण. तू असं करायला नको होतं, ओवी. पण केलं ते मला फार गोड वाटलं.

मामा


पुणे,
२७ सप्टेंबर २०२५

मामा,

लाज मला माझ्या बोलण्याची वाटत होती. तुमची कधीच वाटली नाही. पण ते मी लिहायला हवं होतं, ते लिहिलं नाही, आणि तुम्ही मनाला लावून घेतलंत. दोघंही सारखेच शहाणे.

आता ऐका. मी कायम होण्याची वाट बघू नका. भाऊबीज झाली की मामीला घेऊन या. मॅडमना विचारून ठेवलंय. रीतसर या, लपूनछपून नको, माझ्या खोलीत बसा. पाकिटात गाडीचं कार्ड ठेवलंय, ते फाटकावर टेकवायचं. स्टेशनाचं नाव ऐकू येणार नाही, तर काळजी करू नका, दारासमोर मी उभी दिसेन. मी दिसले की उतरायचं.

आणि डबा मांडीवर ठेवायचा. ड्रायव्हरला नमस्कार केला तर चालेल.

ओवी


धाड,
२ नोव्हेंबर २०२५

चि. ओवी,

आम्ही सुखरूप पोचलो. मामी आल्यापासून बसलेली नाही. शेजारच्या शंकररावांच्या घरी सरकता जिना सांगायला गेली, तिथून अजून यायची आहे. त्या जिन्यावर तिनं माझा दंड कसा आवळला होता ते मात्र ती कोणाला सांगत नाही.

तुझं स्टेशन पाहिलं. कंडक्टर खरंच नाही. मागच्या डब्यापर्यंत चालत जाऊन खात्री केली. तुझ्या मॅडम वाटल्या तशा नाहीत. ठेचा खाऊन डोळ्यांना पाणी आलं, पण भाकरी खाली ठेवली नाही. कायम करण्याचं काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. तू सगळ्यांना बोलावून मोठ्यानं सांगत होती, हे मामा, ही मामी. काय म्हणते ते ऐकू आलं नाही, पण लोकं माझ्याकडं बघून हात जोडत होती, त्यावरून कळत होतं. मशीन लावून घेणार आहे मी. बुलडाण्याच्या डॉक्टरांची तारीख मिळाली.

एक सांगायचं राहिलं. आम्ही निघालो तेव्हा तू पिवळ्या रेघेच्या मागं उभी होती. दारं मिटली. गाडीला हात लावायची तुला बंदी, ते मला ठाऊक आहे. तरी मी काचेतून तुझ्या हाताकडंच बघत होतो. तू हात वर केला आणि हवेतच दोन थापा मारल्या. डबल बेल.

तेवढी मला ऐकू आली, पोरी. मशीन नव्हतं तरी ऐकू आली. आणि मग गाडी सुटली.

तुझा,
भगवानमामा